जुन्या खेळण्यांचा जीर्णोद्धार

बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, मेळघाटच्या डोंगररांगांना लागून तुकईथड नावाचे एक गाव आहे. नाव उच्चारताच तुकाईचे स्मरण व्हावे असे हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक झाले ते मात्र रेल्वेच्या स्थानकामुळे. खंडव्याहून अकोल्याकडे जाणारी मीटर गेजची गाडी येथे थांबत असे आणि पुढे डाबका, धूळघाट, वान रोड अशी स्थानके घेत सातपुडा उतरून वऱ्हाडात येई. त्या रुळांमधील अंतर १००० मिलिमीटर होते. देशात आज सर्वत्र रूढ झालेल्या ब्रॉड गेजचे अंतर १६७६ मिलिमीटर आहे. गेज बदलण्यासाठी गेल्या दशकात ही गाडी बंद झाली. नवा मार्ग मेळघाटच्या अरण्यातून न्यावा की त्याला वळसा घालून न्यावा, याविषयी पुष्कळ वादही झाला. त्या वादात आम्हांस येथे शिरावयाचे नाही. आमचे लक्ष वेधले ते एका साध्या गोष्टीने. मीटर गेजचे एखादे इंजिन धडधाकट असले, त्याची चाके, ब्रेक, यंत्रभाग सारे शाबूत असले, तरी नव्या रुळांवर ते एक पाऊलही चालू शकत नाही. इंजिन मोडलेले नसते. त्याला धावावयास रूळ उरलेले नसतात.

हे रेल्वेचे स्मरण आम्ही केले ते आजच्या विषयात वाचकांचा प्रवेश सुलभ व्हावा म्हणून. विषय वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे. हातात धरून खेळावयाच्या व्हिडिओ गेमची जुनी यंत्रे, ती खटपट करून चालती ठेवणारे हौशी लोक, आणि त्या यंत्रांचे हुबेहूब अनुकरण करणाऱ्या आज्ञावली यांचा हा अल्पसा इतिहास आहे. देवस्थाने, कुळाचार आणि ग्रंथपरंपरा यांना वाहिलेल्या पानांत या पोरखेळाला जागा कशाला, असे काही वडीलधारे वाचक विचारतील. त्यांस आमची एवढीच विनंती की, हा लेख शेवटपर्यंत वाचावा. ज्या अडचणीशी हे हौशी लोक तीस वर्षे झगडत आले, तीच अडचण आज आपल्या संस्थांच्या कपाटांत मुकाट्याने बसून आहे.

जपानातील क्योतो या प्राचीन मंदिरांच्या नगरीत १८८९ साली 'निन्तेन्दो' नावाची एक पेढी निघाली. हाताने रंगविलेले फुलांच्या चित्रांचे पत्ते विकणे हा तिचा धंदा. या पेढीत १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा एक तरुण विद्युत्‌शास्त्राचा पदवीधर लागला. त्याचे काम पत्ते छापणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्याचे. रिकाम्या वेळी त्याने गंमत म्हणून केलेले एक खेळणे मालकाच्या नजरेस पडले, आणि त्या देखभाल करणाऱ्याचा खेळणी करणारा झाला. पुढे एकदा आगगाडीतून जात असता, कंटाळलेला एक प्रवासी खिशातील गणकयंत्राची बटणे उगाच दाबीत वेळ घालवीत असल्याचे त्याने पाहिले, आणि त्यातून हातात मावणाऱ्या खेळाची कल्पना त्यास सुचली, अशी हकीकत सांगितली जाते. १९८० साली 'गेम अँड वॉच' या नावाने हे खेळ बाजारात आले. गणकयंत्रातली साधी चिप, गणकयंत्रातलाच काचेचा पडदा, आणि कोपऱ्यात घड्याळ, एवढाच त्याचा संसार. तरी त्याचे निरनिराळे प्रकार मिळून ४ कोटी ३४ लाख नग खपले.

योकोईचे एक तत्त्व होते. जे तंत्र जुने होऊन पिकले आहे, स्वस्त झाले आहे, ज्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक झाले आहेत, तेच घ्यावे आणि त्याचा कोणी न केलेला उपयोग शोधून काढावा, असे तो म्हणे. १९८९ च्या एप्रिलात त्याच्या विभागाने बाहेर काढलेला 'गेम बॉय' हा या तत्त्वाचा परिपाक होय. पडदा अवघा १६० ठिपके रुंद आणि १४४ ठिपके उंच. रंग नाहीत, हिरवट पार्श्वभूमीवर केवळ चार छटा. कामाची स्मृती ८ किलोबाइट. पुढच्याच वर्षी एका प्रतिस्पर्धी कंपनीने 'गेम गिअर' हे रंगीत आणि प्रकाशित पडद्याचे यंत्र काढले; पण ते सहा सेल खाऊन काही तासांतच मान टाकी. गेम बॉय चार सेलांवर त्याच्या कितीतरी पट चाले. गेम बॉय आणि त्याचे पुढचे रंगीत रूप मिळून ११ कोटी ८६ लाखांवर नग जगभर गेले. योकोई १९९७ साली एका अपघातात निवर्तला. त्याचे यंत्र त्याच्यामागे वर्षानुवर्षे विकले जात राहिले.

आपल्याकडे हे मूळ यंत्र फारच थोड्या घरांत आले. आपल्या मुलांच्या हाती आला तो 'ब्रिक गेम'. १९९० नंतरच्या काळात शहरांच्या पेठांपासून गावच्या जत्रांपर्यंत तो कोठेही मिळे. दहा घरे रुंद आणि वीस घरे उंच असा पडदा, आणि डब्यावर '९९९९ इन १' अशी बढाई. वरून पडणारे तुकडे फिरवून ओळी जुळवावयाच्या, हा त्यातील मुख्य खेळ म्हणजे 'टेट्रिस'. तो १९८४ च्या सुमारास मॉस्कोत अलेक्सेई पाझित्नोव्ह या संगणकतज्ज्ञाने एलेक्ट्रोनिका ६० नावाच्या संगणकावर रचला. हा सोव्हिएत संगणकही अमेरिकेतील एका संगणककुळाची नक्कल होता, हे येथे सांगितले पाहिजे. म्हणजे जत्रेतील ते खेळणे ही नकलेवर जन्मलेल्या खेळाची आणखी एक नक्कल. टीव्हीला जोडावयाचे जे 'व्हिडिओ गेम' त्या काळी घरोघर आले, आणि ज्यांत पोरे 'कॅसेट' बसवून खेळत, तेही बहुतांशी निन्तेन्दोच्या एका जपानी यंत्राच्या नकला होत्या. नक्कल या शब्दाला आपल्याकडे थोडा कमीपणा चिकटलेला आहे. आमचा पुढचा सारा विषय नकलेचाच असल्याने हा कमीपणा थोडा वेळ बाजूस ठेवावा.

आता ही यंत्रे म्हातारी होतात म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. गेम बॉयच्या पडद्याला चिप जोडणारी पातळ पट्टी सुटू लागते आणि पडद्यावर उभ्या रेघा कोऱ्या पडतात. सोल्डरिंगची तापलेली कांडी त्या पट्टीच्या कडेने हलक्या हाताने फिरविली, तर पुष्कळदा रेघा परत येतात. पडद्यावरील ध्रुवीकरणाचा कागद उष्णतेने काळवंडतो. तो खरवडून नवा चिकटवावा लागतो. गेम गिअरमधील कपॅसिटर पाझरतात आणि त्यांतील द्राव पाटीवरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. सर्वांत हळवी गोष्ट कॅसेटमध्ये असते. मुलाने महिनोन्‌महिने खेळून केलेली प्रगती एका स्मृतीत साठविलेली असते, आणि ती स्मृती जिवंत ठेवतो तो पाटीला डाग देऊन बसविलेला एक बटण-सेल. पंधरावीस वर्षांत तो सेल संपतो आणि साठवण पुसली जाते. सेल बदलावयास गेले तरी तो काढताक्षणी ती पुसली जाते. म्हणून आधी तिची प्रत बाहेर काढून ठेवावी आणि मगच सेलला हात लावावा, हा जाणत्यांचा पहिला नियम.

या दुरुस्तीच्या उद्योगात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, मूळचा अंधूक हिरवट पडदा काढून त्या जागी आजचा झळाळता पडदा बसवावा, सेलांच्या जागी चार्ज होणारी बॅटरी घालावी, डबाही नवा करावा. खेळणाऱ्याचे डोळे तरी दुखणार नाहीत. दुसरा म्हणतो, मग त्या यंत्रातले जुने उरले काय? देवालयाच्या जीर्णोद्धाराच्या सभेस जे बसले आहेत, त्यांस हा वाद नवा वाटणार नाही. सभामंडपाचा कोरीव लाकडी खांब किडला, तर तसाच खांब सुताराकडून घडवून घ्यावा की सिमेंटचा उभारावा? झिजलेल्या दगडी फरशीवर गुळगुळीत लाद्या घालाव्या काय? दोन्ही पक्षांकडे सांगण्यासारखे असते, आणि दोन्ही पक्षांचे लोक त्या वास्तूवर प्रेम करणारेच असतात. आमचे मत असे की, बदल करावयाचा तर तो परतविता येईल असा करावा, आणि काढलेला मूळ भाग टाकून न देता नाव घालून जपून ठेवावा. या हौशी लोकांतील विचारी माणसे तसेच करतात.

परंतु दुरुस्तीला मर्यादा आहे. मूळ चिपा आता कोणी घडवीत नाही. शेवटचा गेम बॉय केव्हा तरी बंद पडेलच. तेव्हा त्याच्यासाठी लिहिलेले खेळ, ज्यांतील एकही अक्षर झिजलेले नसेल, तुकईथडच्या त्या इंजिनाप्रमाणे रुळांवाचून उभे राहतील. यावर उपाय दुसरा, आणि तो अधिक खोल. नव्या यंत्रात जुन्या यंत्राचे रूळ घालावयाचे. म्हणजे अशी आज्ञावली लिहावयाची की, जी आजच्या संगणकावर बसून जुन्या यंत्राचा प्रत्येक व्यवहार हुबेहूब करील, आणि जुन्या खेळाला आपण परक्या घरी आलो आहोत हे कळणारच नाही. अशा आज्ञावलीस 'एम्युलेटर' म्हणतात.

ही कल्पना खेळांतून निघालेली नाही. एकच गणनयंत्र दुसऱ्या कोणत्याही गणनयंत्राचे काम, त्याचे वर्णन पुरविल्यास, करू शकेल, हे तत्त्व ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ साली मांडले. १९६४ च्या एप्रिलात आयबीएम कंपनीने '३६०' ही नवी यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हा या तत्त्वाला व्यवहारात मोल आले. कंपनीच्या १९५९ सालच्या '१४०१' या यंत्रासाठी हजारो कचेऱ्यांनी हिशेबाच्या आज्ञावली लिहून ठेवल्या होत्या; त्या फेकून कोणी नवे यंत्र घेईना. म्हणून नव्या यंत्राच्या पोटातच १४०१ चे सोंग घेण्याची सोय करण्यात आली, आणि 'एम्युलेटर' हे नाव तेव्हापासून रूढ झाले. त्याच काळात आयबीएम वापरलेली १४०१ यंत्रे आपल्या मुंबईच्या कारखान्यात डागडुजी करून भारतातील कचेऱ्यांना भाड्याने देत असे. १९७८ साली ती कंपनी देश सोडून गेली, तेव्हा मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या १९७५ साली निघालेल्या सरकारी संस्थेने पत्करली. कर्ता निघून गेल्यावर यंत्र चालते ठेवण्याची विद्या आपल्या लोकांनी अशी प्रथम गरजेपोटी शिकून घेतली.

गेम बॉयचे अनुकरण १९९५ च्या सुमारास सुरू झाले. मरात फैझुल्लिन या रशियन आज्ञावलीकाराने 'व्हर्च्युअल गेमबॉय' लिहिला आणि अशी अनुकरणे कशी लिहावी यावर एक छोटे मार्गदर्शकही सर्वांसाठी खुले केले. हे काम चालते कसे, ते थोडक्यात सांगतो. जुनी चिप स्मृतीतून एक आज्ञा उचलते, तिचा अर्थ लावते, ती पाळते आणि पुढची उचलते. एम्युलेटर हेच करतो. फक्त चिपच्या जागी शब्दांत लिहिलेले चिपचे वर्णन असते. खरी परीक्षा तालाची. गेम बॉयची चिप सेकंदाला ४१,९४,३०४ ठोके देते. पडद्याची एक ओळ ४५६ ठोक्यांची. दिसणाऱ्या १४४ आणि न दिसणाऱ्या १० मिळून ओळी १५४. म्हणजे एक पूर्ण चित्र ७०,२२४ ठोक्यांत होते आणि सेकंदाला सुमारे ५९.७ चित्रे पडतात. मृदंग्याचा हात एका मात्रेने चुकला तर भजन जसे विस्कटते, तसा येथे काही ठोक्यांचा फरक पडला तर एखादा खेळ थिजतो, एखाद्याचे चित्र फाटते.

याहूनही नवलाची गोष्ट अशी की, अनुकरण चोख व्हावयाचे तर मूळ यंत्राचे दोषही उतरवावे लागतात. त्या चिपमध्ये एक खोड आहे. पडदा रंगविण्याच्या एका विशिष्ट क्षणी, विशिष्ट पत्त्यावर बोट ठेवून एकाची बेरीज किंवा वजाबाकी करण्याची आज्ञा दिली, तर हलत्या आकृत्यांच्या स्मृतीत कचरा माजतो. हा निर्मात्यांचा प्रमाद. पण चांगले एम्युलेटर लिहिणारे तोही मोजूनमापून उतरवितात. आपल्या जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलनवीस लिहून ठेवीत की, जसे पुस्तक समोर पाहिले तसेच उतरविले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. पाठ सुधारण्याचा मोह आवरणाऱ्या त्या नकलनवीसांमुळेच आज संशोधकांना मूळ पाठापर्यंत पोचता येते. या नव्या नकलनवीसांचा धर्मही तोच आहे. ते मूळ यंत्रावर बारीक बारीक चाचण्या चालवितात, उत्तरे टिपून घेतात आणि आपल्या अनुकरणाकडून तीच उत्तरे येतात की नाही ते ताडून पाहतात. म्हणून जुने यंत्र दुरुस्त करणारा आणि त्याची नक्कल करणारा हे एकमेकांचे सोबती होत. मूळ प्रत जिवंत असेल तरच नकलेची तपासणी होणार.

या निष्ठेचे एक उदाहरण देतो. गेम बॉय सुरू होताच पडद्यावर कंपनीचे नाव खाली सरकत येते आणि एक नाद होतो. हे घडविणारी आज्ञावली अवघी २५६ बाइटांची. पण ती चिपच्या आत बंद, आणि काम संपताच स्वतःला दृष्टीआड करणारी. ती बाहेरून कोणाला वाचता येईना. अखेर २००३ साली एका हौशी अभ्यासकाने चिपचे आवरण काढून, सूक्ष्मदर्शकाखाली तिची छायाचित्रे घेऊन, एकेक शून्य आणि एकेक एक डोळ्यांनी वाचून काढला. यंत्र बाजारात आल्यास तोवर चौदा वर्षे झाली होती, आणि या कामाबद्दल त्यास कोणी दमडीही देणार नव्हते.

१९९७ च्या फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने 'मेम' नावाची आज्ञावली आरंभिली. हेतू मुख्यतः नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांचा होता. पुढे शेकडो हातांनी ती वाढविली आणि त्यात हातातली खेळणीही आली. यंत्र आतून कसे चालत होते याची नोंद राहावी हे आपले मुख्य प्रयोजन, खेळता येणे हा त्या नोंदीचा पडताळा, अशी तिच्या कर्त्यांची भूमिका आहे. गेम अँड वॉचच्या पडद्यावर ठिपके नसतात. माणूस, चेंडू, दोरी या आकृत्या काचेतच कोरलेल्या असतात. तेव्हा ती यंत्रे उघडून पडद्यांच्या प्रतिमा घ्याव्या लागल्या आणि एकेक आकृती पुन्हा रेखाटावी लागली. जत्रेतल्या ब्रिक गेमच्या काही जातींनाही या संग्रहात स्थान मिळाले आहे. २०१८ साली इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथालयाने अशी कित्येक हातातली खेळणी याच 'मेम'च्या बळावर सर्वांस पाहण्यासाठी खुली केली.

येथे धर्माधर्माचा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे योग्य नव्हे. खेळ ही कोणाची तरी कृती आहे. ती फुकट वाटणे ही चोरी ठरू शकते. यंत्राचे अनुकरण आणि खेळाची चोरी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मात्र ध्यानी घ्यावे. सोनी आणि कनेक्टिक्स या कंपन्यांच्या दाव्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००० साली असा निर्णय दिला की, सुसंगत असे अनुकरण करण्यासाठी मूळ आज्ञावली उलगडून अभ्यासणे हा न्याय्य वापर होय. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलमही, आज्ञावलीची प्रत ज्याच्याजवळ रीतसर आहे त्यास, हानीपासून रक्षणासाठी दुसरी प्रत करण्याची, आणि तिचे कार्य निरखून अभ्यासण्याची मुभा देते. २०१२ साली आलेले ६५-अ हे कलम मात्र कृतीला घातलेली संरक्षक कुलपे तोडण्यावर बंधन घालते. याउलट, चालू यंत्राचे अनुकरण करणाऱ्या 'युझू' या एम्युलेटरच्या कर्त्यांना निन्तेन्दोच्या दाव्यात २०२४ साली २४ लाख डॉलर देण्याचे मान्य करून काम थांबवावे लागले. ते प्रकरण तडजोडीने मिटल्याने न्यायालयाचा निवाडा असा झाला नाही. जो खेळ आज दुकानात मिळतो तो विकतच घ्यावा, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

पण जो कोठेच मिळत नाही त्याचे काय? व्हिडिओ गेमच्या इतिहासाचे जतन करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने २०२३ साली पाहणी केली. तीत असे आढळले की, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत. गेम बॉयच्या खेळांपैकी तर सहा टक्केही उपलब्ध नाहीत. असे खेळ दूरस्थ अभ्यासकांना दाखविण्याची परवानगी ग्रंथालयांनी मागितली, ती तेथील कॉपीराइट कार्यालयाने २०२४ साली नाकारली. मालक विकत नाही आणि ग्रंथपालास दाखविता येत नाही. मग ज्या हौशी माणसाने प्रत करून ठेवली, त्याच्याच पेटीत ती कृती उरते.

आता आपल्या घराकडे वळू. १९९० च्या दशकात आपल्या बहुतेक देवस्थानांच्या स्मरणिका, कुलवृत्तांत, आरत्यांचे संग्रह आणि मासिके संगणकावर जुळविली जाऊ लागली. देवनागरीस तोवर सर्वमान्य संकेत रूढ झाला नव्हता. 'इस्की' नावाचे भारतीय प्रमाण १९९१ साली ठरले. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण घरच्या संगणकांत युनिकोड देवनागरी रुळण्यास पुढे पुष्कळ वर्षे गेली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या 'जिस्ट' तंत्रात तर संगणकाच्या पोटात एक स्वतंत्र कार्ड बसवून देवनागरी दाखविली जाई. मुद्रणासाठी ज्या निरनिराळ्या फाँटमालिका निघाल्या, त्यांतील प्रत्येकीने इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपापल्या मर्जीप्रमाणे देवनागरीचे अवयव बसविले. एका फाँटमध्ये जो 'क', तो दुसऱ्यात अर्धा 'श'. कित्येक आज्ञावलींना संगणकाच्या पाठीमागे लावावयाचे एक कुलूप असे. ते लावल्यावाचून आज्ञावली उघडतच नसे.

परिणाम काय झाला, तो आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. एका कुटुंबाने वीसपंचवीस वर्षांपूर्वी दूरदूरच्या शाखांशी पत्रव्यवहार करून कुलवृत्तांताची जुळणी केली. छपाई मोजक्या प्रतींची, त्याही आता विरळ. मजकूर मात्र फ्लॉप्यांवर 'सुरक्षित' होता. नवी आवृत्ती काढावी म्हणून त्या उघडल्या, तेव्हा प्रथम फ्लॉपी वाचणारे यंत्र मिळेना. ते मिळाले तर काही फ्लॉप्यांवरची चुंबकीय खूण पुसट झालेली. ज्या उघडल्या त्यांत पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कल्लोळ. मजकुरातील अक्षर न्‌ अक्षर जागेवर होते, पण त्याला धावावयास रूळ उरले नव्हते. पणजोबांची मोडीतील वही वाचणारा जाणता आजही गाठता येतो. नातवंडांच्या लग्नाच्या वर्षी जुळविलेला मजकूर मात्र कोणास वाचता येईना.

या संकटात मदतीस आले ते खेळवेड्यांचेच साधन. जुन्या डॉस पद्धतीचे खेळ नव्या संगणकावर चालावेत, या एकमेव हेतूने २००२ साली 'डॉसबॉक्स' नावाचा एम्युलेटर प्रसिद्ध झाला. खेळांवाचून इतर कामाची जबाबदारी त्याचे कर्ते घेत नाहीत. तरी जुन्या संगणकाचे त्यांनी इतके चोख सोंग उभे केले आहे की, त्याच्या आत त्या काळच्या लिहिण्याच्या आज्ञावलीही पुष्कळदा पूर्ववत चालतात. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांसाठी 'क्यूईएमयू'सारखे दुसरे अनुकारक आहेत. आमच्या त्या परिचित कुटुंबाचा मजकूर याच मार्गाने मोठ्या अंशी परत वाचता आला आणि युनिकोडमध्ये उतरविता आला. जो भाग आला नाही, तो पुसट फ्लॉप्यांवरचा. त्यावर कोणताच एम्युलेटर उपाय करू शकत नाही. जिस्ट कार्डासारखे जे भाग पूर्वी संगणकात बसवावे लागत, ते आजच्या संगणकात बसतच नाहीत. त्यांचे अनुकरण व्हावयाचे तर ते कार्ड, त्याची पुस्तिका आणि ते वापरलेली माणसे हयात असेतोवरच कोणीतरी ते काम हाती घेतले पाहिजे. गेम बॉयच्या २५६ बाइटांसाठी एक मनुष्य सूक्ष्मदर्शक घेऊन बसला. देवनागरीच्या यंत्रांसाठी बसणारा आपल्यांतून निघावयास हवा.

यास्तव देवस्थानांच्या समित्यांस आणि कुटुंबप्रमुखांस आमच्या काही सूचना आहेत. जुन्या फ्लॉप्या आणि तबकड्या निरुपयोगी समजून टाकू नयेत. त्यांची जशीच्या तशी पूर्ण प्रतिमा दोनदा काढून, दोन्ही ताडून, तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी. मजकुरासोबत त्याचा फाँट आणि ती आज्ञावली यांचीही प्रत ठेवावी. फाँट हरवला तर मजकूर हरवल्यासारखाच आहे. कोणत्या साली, कोणत्या आज्ञावलीत, कोणाकडून जुळणी झाली, याची एक चिठ्ठी कागदावर लिहून सोबत ठेवावी. पाठीमागे लावावयाचे ते कुलूप सापडल्यास तेही त्याच पेटीत घालावे. आणि घरातील एखादा मुलगा वा मुलगी जुना व्हिडिओ गेम उघडून, सोल्डरिंगची कांडी हातात घेऊन बसलेली दिसली, तर तिला रागे न भरता ही पेटी तिच्या स्वाधीन करून पाहावी.

मीटर गेजचे रूळ उखडले गेले तरी त्या मार्गावरील गावे जागीच आहेत, आणि तेथील माणसे नव्या गाडीची वाट पाहत आहेत. आपल्या पेट्यांतील मजकुराचेही तसेच आहे. चुंबकीय खुणा मात्र वाट पाहत नाहीत, त्या वर्षागणिक पुसट होतात. येत्या पाडव्यापूर्वी प्रत्येक समितीने आपले एक कपाट तरी उघडून पाहावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.